नाव कुणाचं टाकू?

ऑनलाइन विकायचं ठरवून माणूस आमच्या कार्यालयात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत नमुन्याचा माल असतो आणि डोक्यात यूट्यूबवर पाहिलेला व्हिडिओ. त्या व्हिडिओनं त्याला सांगितलेलं असतं की अकाउंटचे दोन प्रकार असतात, 'इंडिव्हिज्युअल' आणि 'प्रोफेशनल', आणि पहिल्यात चूक झाली की धंदा बसला. खुर्चीत टेकायच्या आत तो विचारतो, "मॅडम, माझं कुठलं काढायचं?"

मी त्याला आधी पाणी देते. तो व्हिडिओ अमेरिकेतला असतो, नाहीतर तिकडची माहिती इकडे वाचून दाखवलेली असते. अमेरिकेत ॲमेझॉनवर इंडिव्हिज्युअल विक्रेत्याला प्रत्येक विकल्या वस्तूमागे ०.९९ डॉलर द्यावे लागतात आणि प्रोफेशनलला महिन्याचे ३९.९९ डॉलर. महिन्याला चाळीसच्या वर वस्तू विकत असाल तर दुसरा प्रकार परवडतो, इतकंच ते गणित. आपल्याकडे हे महिन्याचं भाडं नाही. इथे विकल्या मालावर कमिशन कापतात, वजनाप्रमाणे पोचवण्याचा खर्च कापतात आणि उरलेले पैसे खात्यात टाकतात. म्हणजे ज्या प्रश्नाची तयारी करून तो आलेला असतो तो प्रश्न सोलापुरात लागूच नसतो. मग मी फॉर्म उघडते आणि माझा प्रश्न विचारते, "नाव कुणाचं टाकू?"

इथे बहुतेक लोक गप्प होतात.

मी करसल्लागाराच्या कार्यालयात नोकरी करते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा मागवाले, दुकानदार, गाळेवाले या सगळ्यांचे नंबर काढून देण्याचं काम माझ्या टेबलावर आलं. ऑनलाइन अकाउंटचं काम त्याच्याच पाठोपाठ आलं, कारण कायद्यात तशी सोय होती. दुकानातून माल विकणाऱ्याला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको, पुढे २०१९ मध्ये ती मर्यादा चाळीस लाख झाली. पण ऑनलाइन बाजारातून कुणी एक टॉवेल विकायचा म्हणालं तरी तेव्हा नंबर हवाच होता. पुस्तकांसारखा निव्वळ करमाफ माल विकणारे तेवढे सुटले. बाकी सगळ्यांना बाजारात शिरायच्या आधी आमचा जिना चढावा लागला. नंबर काढलाच आहे तर अकाउंटही तुम्हीच काढून द्या, असं करत करत ते माझं रोजचं काम झालं.

पॅन कार्डावरच्या दहा अक्षरांत मी आधी चौथं अक्षर बघते. 'पी' असेल तर व्यक्ती, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी, 'एच' असेल तर अविभक्त कुटुंब. जीएसटीचा नंबर पंधरा जागांचा असतो. पहिल्या दोन जागा राज्याच्या, महाराष्ट्राचे २७. पुढच्या दहा जागांवर हेच पॅन जसंच्या तसं येऊन बसतं. तो नंबर बाजाराच्या अकाउंटला जोडला की चौथं अक्षर तिथेही गेलं. पुढे बँक खातं बदलता येतं, मोबाइल बदलता येतो, माल उचलायचा पत्ता बदलता येतो. पॅन बदललं तर जीएसटी नंबर बदलतो, आणि मग बाजाराचं साधारण एकच उत्तर येतं: नवं अकाउंट काढा. जुन्या अकाउंटची पत जुन्यापाशीच राहते. विक्रेत्याचा खरा प्रकार हा. बाकी सोनेरी, रुपेरी वगैरे ज्या पायऱ्या बाजार देतात त्या दर काही महिन्यांनी वरखाली होतात, त्याची मी फार फिकीर करत नाही.

आणि आमच्या गावात या एका अक्षराचं उत्तर तयार नसतं. आजोबांनी शेड घातलं, वडिलांनी माग वाढवले, काका पुण्या-मुंबईची उधारी वसूल करून आणतात, आई पगाराची वही ठेवते, काकू टॉवेलांच्या कडा शिवते. कुणाला विचारलं तर धंदा "आमचा" असतो. लाइटबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं आणि कुणाचं काही अडत नाही. फॉर्मला मात्र "आमचा" चालत नाही. त्याला एक पॅन लागतं, त्याच नावाचं बँक खातं लागतं आणि एक मोबाइल नंबर लागतो, ज्यावर ओटीपी येईल. तीन पिढ्यांनी जो विषय जेवायच्या वेळी काढला नाही तो माझ्या टेबलावर, बाहेर चार माणसं थांबलेली असताना निघतो.

एक शिक्षक आले होते. नोकरीमुळे त्यांना धंदा करता येत नव्हता, म्हणून सगळं बायकोच्या नावावर. शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला. अन्न परवाना तिच्या नावावर, जीएसटी तिच्या नावावर, उद्यम नोंदणीत मालक महिला. ती बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि नवरा बोट ठेवील तिथे सही करत होती. मोबाइल नंबर कुठला टाकू विचारलं, तर त्यांनी त्यांचा सांगितला. ईमेलही त्यांचाच. असे अर्ज मी इतके भरले आहेत की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कागदावर बाई मालक, ओटीपी बुवांना.

पुढे बाजारांनी व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायला सुरुवात केली. ज्याचं नाव त्यानंच कॅमेऱ्यासमोर बसायचं, पॅन कार्ड धरून दाखवायचं, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. शिक्षकांनी तिला आमच्याच कार्यालयात बसवलं, कारण घरी नेट नीट नव्हतं. स्वतः कॅमेऱ्यात दिसणार नाही असे कपाटाशी उभे राहिले. पलीकडच्या मुलीनं विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? कपाटाकडून कुजबुज आली, "चटणी, चटणी, दोनशे ग्रॅम." बाई स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "काळा मसाला. चटणी जाते पण परत येती. उन्हाळ्यात तेल सुटतंय, डबा भिजतोय." पलीकडची मुलगी हसली. पुढचे दोन प्रश्न परतीच्या मालावरच झाले, आणि त्यातलं शिक्षकांना काहीच माहीत नव्हतं, कारण परत आलेले डबे रोज तीच उघडत होती.

त्यानंतर काही दिवसांनी ती एकटी आली. मोबाइल नंबर बदलायचा होता. "ताई, तो बदलता येतो ना?" तिनं दोनदा विचारलं. येतो, म्हटलं.

बचत गटांचं गणित याहून अवघड. मंगळवेढ्याकडचा एक गट ज्वारीच्या कडक भाकरी करायचा. माल उत्तम, पॅकिंग चांगलं, हिशेब पैशापैशाचा. पण गटाकडे पॅन नव्हतं. बँक खातं गटाच्या नावाचं, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्यांनी चालणारं. बाजाराला ते खातं चालेना, कारण खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं पाहिजे. रस्ते होते. भागीदारीपत्र करा, म्हणजे सगळ्यांच्या सह्या आणि सगळ्यांची जबाबदारी. उत्पादक कंपनी काढा, म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण आणि त्याचा खर्च. किंवा एकीच्या नावावर काढा. त्यांनी सचिवबाईंचं नाव दिलं, कारण तिला इंग्रजी वाचता येत होतं.

कागद व्यवस्थित केले. गट तिला भाकरी विकतो आणि ती पुढे ऑनलाइन विकते, अशी खरेदीची बिलं ठेवली, गटाच्या बैठकीत तसा ठराव लिहिला. तरी अडचण आलीच, आणि ती करामुळे आली नाही. गटात पदं फिरतात. दोन वर्षांनी सचिव बदलली, पण पॅन कसं फिरणार? बाजारावर दुकान जुनीच्याच नावाचं, पैसे तिच्याच खात्यात, मग ती गटाकडे वळते करणार. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, मी स्वतः वह्या बघितल्या आहेत. पण दर महिन्याला बाकीच्या बायका तिच्या पासबुकात डोकावायला लागल्या आणि घरी सासू विचारायला लागली की एवढे पैसे येतात आणि जातात कुठे. वर्षाअखेरीस आयकराच्या विवरणात तिच्या नावापुढे सगळ्या गटाची विक्री दिसली तेव्हा ती घाबरून माझ्याकडे आली. तिला समजावणं सोपं होतं. गटाला समजावायला त्यांच्या समाजमंदिरात जाऊन सतरंजीवर बसावं लागलं. शेवटी त्यांनी भागीदारीपत्र केलं, नवं पॅन, नवा नंबर, नवं अकाउंट, आणि शून्यापासून सुरुवात. दोघीजणी सही करायला तयार झाल्या नाहीत, त्या बाहेर पडल्या. बचत गटांना ऑनलाइन आणा असं भाषणात सांगणाऱ्यांनी एकदा तरी तो फॉर्म भरून बघावा असं मला फार वाटतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून एक नवा प्रकार आला. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी नंबर न घेता, जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विकायचं. मीशोसारख्या बाजारांनी त्यासाठी दार उघडलं. रिटर्न नाही, सल्लागाराची फी नाही. घरी दुपटी, टोपडी, गोधड्या शिवणाऱ्या बायकांना ही खरोखर मोठी सोय झाली, आणि आमचं काम कमी झालं तरी मी ते मनापासून सांगत असते. एकच अट आहे: माल आपल्याच राज्यात विकायचा.

पुण्यात बसून ही अट किरकोळ वाटेल. सोलापुरात बसून बघा. मुंबई चारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. विजयपूर आणि कलबुर्गी तर शंभर-सव्वाशेवर. इथल्या पद्मशाली समाजातल्या घराघरांत तेलुगू बोलतात, सोयरीक तेलंगणात, लग्नाचा बस्ता तिकडचा. आमची बाजारपेठ कायम तीन राज्यांची राहिली आहे, आणि हे अकाउंट अक्कलकोटच्या पुढे गेलं की संपतं. बाळंतविडा शिवणाऱ्या एका बाईला मी या प्रकारचं अकाउंट काढून दिलं. सगळ्यांत आधी ज्या बहिणीला तिनं फोन केला ती सिकंदराबादची. बहिणीनं दुकान उघडलं, तर सगळ्या मालावर 'तुमच्या भागात उपलब्ध नाही'. नागपूरला माल जात होता, गडचिरोलीला जात होता, सख्ख्या बहिणीला जात नव्हता. काही महिने तिनं तसंच काढलं, मग पूर्ण जीएसटी नंबर घेतला. घेताना मी बजावलं की एका महिन्यात एक टोपडंसुद्धा विकलं गेलं नाही तरी रिटर्न भरावं लागेल, विसरलीस तर दिवसाला वीस रुपये दंड, आणि विक्री असताना विसरलीस तर पन्नास. तिनं ते देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

कंपोझिशनवाल्या दुकानदारांचंही तेच. उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होणारे हे लोक, त्यांना ऑनलाइन विकायची पूर्वी बंदीच होती. त्याच तारखेपासून ती उठली, पण राज्यापुरतीच.

तरुण मुलं आली की त्यांना माल कुठे ठेवायचा यात जास्त रस असतो. बाजाराच्या गोदामात ठेवायचा, आपल्या दारातून त्यांच्या माणसानं उचलायचा, की आपण आपल्या कुरियरनं पाठवायचा, यालाही ते अकाउंटचा प्रकारच म्हणतात. भिवंडीच्या गोदामात माल ठेवायचा तर ते गोदाम आपल्या जीएसटीत धंद्याची जादा जागा म्हणून दाखवावं लागतं. हैदराबादच्या गोदामात ठेवायचा तर तेलंगणाचा वेगळा नंबर, ३६ ने सुरू होणारा, आणि त्याची वेगळी रिटर्न. हे ऐकून निम्मे जण भिवंडीवरच थांबतात. उरलेले चादरीच्या डब्याचं माप घेतल्यावर थांबतात. वजन नुसतं काट्यावरचं धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं, आणि जे जास्त येईल ते धरायचं. दोन किलोची सोलापुरी चादर ४० बाय ३५ बाय १५ च्या डब्यात घातली की ती ४.२ किलोची होते. एका मुलानं चादरीतली हवा काढणारी पिशवी आणली आणि डब्याची उंची निम्म्यावर नेली. वडील म्हणाले, चादर चुरगळते, गिऱ्हाइकाला नवी वाटणार नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, पण खर्च मिटला.

असाच एक मुलगा एकदा तावातावानं आला. बाजार दर विक्रीवर एक टक्का खातो आणि कुणी जाब विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. तो टक्का बाजार खात नव्हता. ऑक्टोबर २०१८ पासून बाजारानं विक्रेत्याच्या पैशांतून कर कापून सरकारात भरायचा नियम आहे. तेव्हा एक टक्का होता, जुलै २०२४ मध्ये तो अर्धा झाला. कापलेली रक्कम विक्रेत्याच्या जीएसटी खात्यावर वाट बघत असते, फक्त तिथे जाऊन 'स्वीकारली' असं दाबावं लागतं. त्यानं कधी दाबलंच नव्हतं. दाबल्यावर जी रक्कम जमा झाली ती बघून तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

दोन भाऊ होते. अकाउंट थोरल्याच्या नावावर, माल दोघांचा. वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली, धाकट्यानं स्वतःचा जीएसटी नंबर घेऊन त्याच बाजारावर स्वतःचं अकाउंट काढलं. कायद्यानं सगळं बरोबर. दोन पॅन, दोन नंबर, दोन बँका. तरी थोड्याच दिवसांत दोन्ही अकाउंटं बंद पडली. एकाच माणसानं दोन अकाउंटं चालवली आहेत असा बाजाराच्या यंत्राचा समज झाला होता. भिंत घातली होती, पण वाय-फाय एकच होतं. पत्ता एक, वीजमीटर एक, मालाचे फोटो एकाच पांढऱ्या भिंतीसमोर काढलेले.

ज्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं ते दोघे त्या दिवशी शेजारी शेजारी बसले होते. वाटणीपत्राची प्रत लावून अर्ज केला, तो नाकारला. कारण कळवायचा जो मजकूर येतो तो सगळ्यांना एकच येतो. फोन करायला नंबर नसतो, भेटायला माणूस नसतो. दुकान बंद करायला महापालिकेचा माणूस आला तरी तो आधी नोटीस देतो, निदान चहा तरी पितो. इथे पाच वर्षांचा धंदा एका ईमेलनं थांबतो आणि अडकलेले पैसे महिनोन् महिने अडकून राहतात. माझ्या कामातला हा भाग मला आजही सहन होत नाही. बऱ्याच खटपटीनंतर थोरल्याचं अकाउंट परत सुरू झालं. धाकट्याचं झालंच नाही. तो आता थोरल्यालाच माल देतो, बिल करून, रोखीनं. भिंत आहे तशीच आहे.

लोकांना अकाउंट सातबाऱ्यासारखं वाटतं. आपण गेलो की वारस लागतील. ते तसं नसतं, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते, कानाला कडू लागलं तरी. टॉवेलच्या एका कारखानदारांचं हृदयविकारानं अचानक निधन झालं. धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे माणूस आणि धंदा कायद्यानं एकच. मुलगा तेराव्यानंतर आला तो वडिलांचा फोन घेऊन. त्यात ऑर्डरी येत होत्या. शटर ओढून घेतलेल्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही, पण ऑनलाइन दुकानाला शटर ओढायलाही पासवर्ड लागतो आणि तो वडिलांच्या डोक्यात होता. ऑर्डर वेळेत गेली नाही की पत उतरते, म्हणून सुतकात त्याच्या बहिणीनं आणि कामगारांनी मिळून डबे पाठवले होते. ते विकलेले पैसे वडिलांच्या खात्यात जमा झाले आणि बँकेनं खातं गोठवलं.

काय करायचं ते ठरलेलं आहे. मुलानं स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी नंबर घ्यायचा. वडिलांच्या नंबरात शिल्लक असलेलं कराचं क्रेडिट आयटीसी-०२ नावाच्या अर्जानं नव्या नंबरात आणायचं, मग जुना नंबर रद्द करायचा. मागांसाठी वारस लागतात, शेडसाठी लागतात. बाजाराच्या अकाउंटला लागत नाहीत. बऱ्याच बाजारांत वस्तूवरचे अभिप्राय वस्तूच्या पानावर राहतात, त्यामुळे टॉवेलचे तारे तसेच राहिले. विक्रेता म्हणून वडिलांनी कमावलेली पत गेली. मुलगा त्यांच्याच टॉवेलच्या पानावर नवा विक्रेता म्हणून उभा राहिला, आणि ते पान मधल्या काळात दुसऱ्याच कुणीतरी बळकावलं होतं, तसलाच दिसणारा माल चार रुपये स्वस्त लावून. तेव्हापासून कारखानदार मंडळींना मी दोन गोष्टी सांगते. एक, आपल्या छापाचा ट्रेडमार्क करून घ्या, कापडाचा वर्ग २४, लहान उद्योगाला एका वर्गाची फी साडेचार हजार. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव सगळ्या गावाचं, त्यावर एकट्याला हक्क सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, धंदा मोठा झाला असेल तर चौथं अक्षर बदला, भागीदारी करा नाहीतर कंपनी, आणि ते तब्येत ठणठणीत असताना करा. पहिली गोष्ट लोक करतात. दुसरीला म्हणतात, बघू दिवाळीनंतर.

सगळंच काही असं जड नसतं. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी विक्रेत्याचं नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाला दिसणं सक्तीचं झालं, तेव्हा घरून विकणाऱ्या बायका फार घाबरल्या होत्या. घराचा पत्ता जगाला कशाला? पंढरपुरात तुळशीच्या माळा करणाऱ्या एका बाईंनी तर अकाउंट बंद करायला सांगितलं. मी थोडं थांबा म्हटलं. आषाढीला त्यांच्या दारात परभणीकडचा एक वारकरी उभा, हातात डब्यावरचं बिल. ऑनलाइन घेतलेली माळ गळ्यात होती, आणखी पाच हव्या होत्या, आणि "एवढं दाराशी आलोय तर कमिशन मधल्याला कशाला?" असं त्याचं म्हणणं पडलं. बाईंनी त्याला जेवायला वाढलं. पत्ता अजून तसाच दिसतो.

मध्यंतरी ते शिक्षक निवृत्त झाले. आता धंदा करायला त्यांना आडकाठी नव्हती. दोघं एकत्र आले, यावेळी पर्स टेबलावर होती आणि फोन तिच्या हातात. सर म्हणाले, आता मीही मोकळा आहे, तर भागीदारी करून टाकू, दोघांचं नाव. मी नेहमीप्रमाणे सांगितलं: पॅन नवं, चौथं अक्षर 'एफ', जीएसटी नवा, अन्न परवाना नवा, बाजारावरचं अकाउंट नवं, आणि आत्ताची पत शून्य. उलट तुम्ही नुसते तिच्या धंद्यात काम करू लागलात तर काहीच बदलावं लागत नाही. पगार द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

सरांनी तिच्याकडे बघितलं. तिनं फोनवरची ऑर्डर बघून घेतली, मग म्हणाली, "राहू दे माझ्याच नावावर. तुम्ही डबे चिकटवायला या." सर म्हणाले, "आणि पगार?" ती म्हणाली, बघू दिवाळीनंतर.